छातीतली गाठ : आधी तपासणी, मग औषध

बागेतले पान पिवळे पडले तर त्याची कारणे अनेक असतात, हे तुम्ही जाणता. कधी नत्र कमी पडते, कधी मुळाशी पाणी साचते, कधी रोग असतो. न तपासता औषध मारले तर पैसाही जातो आणि बागही. छातीच्या एक्स-रेत डाग दिसला तरी हाच नियम पाळा. जुन्नर-आंबेगावकडे अशा वेळी घरात क्षय नाहीतर कर्करोग, एवढीच नावे निघतात. तिसरेही एक कारण असू शकते. ते विरळा आहे, पण माहीत असावे.

ही गाठ कसली?

विहिरीवरच्या मोटरच्या केबलला वेष्टन असते, तसे मज्जातंतूंनाही असते. थिओडोर श्वान (१८१०–१८८२) या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने या वेष्टनातील पेशी ओळखल्या जातात. त्यांच्यापासून होणाऱ्या गाठीला 'श्वानोमा' म्हणतात. छातीत ती बहुधा मागे, मणक्यालगत असते. बहुतेक वेळा ती साधी असते, सावकाश वाढते, अंगभर पसरत नाही. पुष्कळदा काही त्रासही होत नाही.

साधी असली तरी दुर्लक्ष नको

वाढलेली गाठ शेजारच्या भागांवर दाब देते. मग पाठ किंवा बरगडी दुखते, खोकला येतो, धाप लागते. ती मणक्याच्या पोकळीत शिरली तर पायांतले बळ जाऊ शकते. पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबू नका.

काय करावे?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. ही तपासणी मोफत होते. डागाचा उलगडा झाला नाही तर मंचर, नारायणगाव, जुन्नर किंवा घोडेगावच्या सरकारी रुग्णालयातून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. सीटी स्कॅन, एमआरआयवरून गाठीची जागा कळते. तुकडा तपासल्यावर जात पक्की होते. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण निघाली तर सहसा पुन्हा होत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड जवळ ठेवा.

ही गाठ एकापासून दुसऱ्याला होत नाही. घरच्या माणसाचे ताट वेगळे मांडू नका. आणि जुने एक्स-रे सातबाऱ्यासारखे जपा. गाठ किती वर्षांत किती वाढली, हे डॉक्टरांना त्यांवरूनच कळते.