बर्फातल्या शेळ्या

पौषातली पहाट. अंगावर घोंगडी असली तरी दात वाजतात. गोठ्यात करडे एकमेकांच्या उबेला बिलगून बसलेली असतात. आपण म्हणतो, "काय ही थंडी!"

आता लडाखची थंडी ऐका. लडाख हा आपल्याच देशाचा उत्तरेकडचा डोंगरी मुलूख. त्याच्या पूर्वेला चांगथांग नावाचे मोठे पठार आहे. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट उंच. हे पठार सुमारे १४,००० फुटांवर! शून्य अंशाला पाणी गोठते. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्याही खाली ३० अंश उतरतो. झाड जवळजवळ नाहीच. नुसता वारा.

या पठारावर चांगपा नावाचे लोक राहतात. शेळ्या, मेंढ्या आणि याक पाळतात. आपल्या धनगरांसारखेच ते चाऱ्यामागे फिरतात, आणि जनावरे रात्री उघड्यावरच असतात. तुम्ही म्हणाल, मग ती जगतात कशी?

त्या शेळीच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस लांब नि राठ. त्यांच्या खाली कापसाहून मऊ अशी दाट लव. हीच ती पश्मिना. काश्मीरच्या महागड्या शाली हिच्याच होतात. थंडी सरली की चांगपा ही लव विंचरून काढतात. एका शेळीची वर्षाची लव फार तर पाव किलोच्या आसपास. या लवेत हवा कोंडून राहते आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. पाठीवर बर्फ पडले तरी ते लवकर वितळत नाही, इतकी ऊब आत टिकते.

पण पांघरूण म्हणजे काही चूल नव्हे. चूल आहे पोटात. उकिरडा उकरला की आतून वाफ निघते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आत काडीकचरा कुजत असतो, त्याची ती ऊब. रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात चारा असाच आंबत असतो, आणि त्यातून अंगाला ऊब मिळते. पोटात चारा आहे तोवर ही चूल पेटलेली. चारा संपला की चूल विझली.

चांगथांगात एरवी बर्फ थोडेच पडते. वाळलेले गवत वर डोकावत राहते, तेच खाऊन शेळ्या हिवाळा काढतात. पण २०१३ साली सुरुवातीलाच बर्फाचा जाड थर पडला. गवत खाली गाडले गेले. याक अंगाने दांडगा. तो तोंडाने नि खुरांनी बर्फ उकरतो. शेळीचा तेवढा जोर कुठला? रस्ते बुजले, बाहेरून वैरण पोचायला उशीर झाला. हजारो शेळ्या मेल्या. त्यात करडे पुष्कळ. अंगावर इतकी ऊबदार लव, आणि पोट रिकामे!

लडाखच्या खालच्या गावांत उन्हाळ्यातच लसूणघास कापतात. तो वाळवून घरांच्या धाब्यावर रचून ठेवतात. वरच्या पठारावर असे पीक येत नाही, म्हणून तिथे आधीच आणून ठेवलेल्या वैरणीवर सारी भिस्त. रात्री शेळ्या दगडी भिंतीच्या आडोशाला कोंडतात, म्हणजे वारा लागत नाही. नुकती व्यालेली करडे तंबूत घेतात.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, हे खरे. पण डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात काय झाले ते पुणे जिल्ह्यातल्या धनगरांना विचारा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत रात्रभर अवकाळी पाऊस झाला, वर गार वारा. उघड्या रानात वाघूर लावून बसवलेल्या मेंढ्या भिजल्या. शेकडो मेंढ्या मेल्या. बर्फाचा कणही पडला नव्हता. मग असे का झाले? लोकर भिजली की तिच्यातली कोंडलेली हवा जाते. मग ती लोकर पांघरूण राहत नाही, ओला फडका होतो. कोरड्या थंडीत तगणारी मेंढी ओल्या वाऱ्यात मरते, ती यामुळे.

म्हणून थंडीत आभाळ भरून आले की कळप उंचवट्याच्या, आडोशाच्या जागी हलवावा. ताडपत्री जवळ असावी. संध्याकाळी कडबा, भुसकट पोटभर घालावे. नुसता ओला पाला घालून भागत नाही. पाणीही पाजावे, कारण पाण्यावाचून जनावर सुका चारा खात नाही.

भिजलेले जनावर गोणपाटाने खसाखसा पुसावे. ते थरथरत असेल तर त्याच्यात अजून जोर आहे. थरथर थांबली, पण अंग गार आणि मान पडलेली, तर ते बरे झाले असे समजू नका. लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. आणि नुकते जन्मलेले कोकरू असेल तर आधी ते कोरडे करा, नि तासाभराच्या आत त्याला आईचा चीक पाजा. त्याच्या पोटात अजून चारा नाही. चिकातून त्याला ऊब मिळते.