पुढे पाठवण्याआधी



गावात अनोळखी माणूस आला की पूर्वी आपण विचारायचो, "पाव्हणं, कुठलं गाव?" आता विचारण्याआधीच त्याचा फोटो मोबाईलवर गावभर फिरतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचा बाजार. भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजाचे पाच जण तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून आधीच पसरली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. पाचही जण दगावले. ज्या जागी गावाने बसून विचार करायचा, तिथेच हे घडले!

'टोळी' हा शब्द आपल्याकडे ऊस तोडणाऱ्यांचा. हंगाम लागला की लेकराबाळांसह त्या आपल्या शिवारात उतरतात. त्यांना गावात कोण ओळखतं? उद्या अशी अफवा उठली, तर पहिला घाव त्यांच्यावर. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गव्हाणीपर्यंत पोचतो, त्यांच्यावर!

म्हणून शंका आली तर पोलीस पाटलांना सांगा, ११२ ला फोन करा. खात्री नसलेला मजकूर पुढे पाठवू नका.

आणखी एक. ग्रुपवर सरपंचाला, चिटबॉयला वाट्टेल ते लिहिणारे ग्रामसभेला, वार्षिक सभेला मात्र दिसत नाहीत. सभेत माणूस समोर असतो, म्हणून शब्द तोलून येतो. मोबाईलवरही पलीकडे माणूसच आहे. तोंडावर बोलवणार नाही, ते लिहायचं कशाला?