टेनिसची स्पर्धा आणि तिचा निकाल

कोल्हापूर हे मल्लविद्येचे माहेरघर. राजर्षी शाहू छत्रपतींनी उभारलेले खासबागेचे मैदान १९१२ साली पूर्ण झाले. मध्यभागी आखाडा आणि सभोवार चढत जाणाऱ्या बैठका, अशी त्याची रचना आहे. तेथे बसलेल्या हजारो प्रेक्षकांस कुस्तीचा निकाल कोणी समजावून सांगावा लागत नाही. एका मल्लाची पाठ तांबड्या मातीला लागली, की शेवटच्या रांगेतील मुलासही जय-पराजय कळतो.

टेनिसचे तसे नाही. या खेळाचा निकाल वर्तमानपत्रात छापून येतो, तो काहीसा कोड्यासारखा दिसतो. ‘सिमॉन वि. वि. अँडरसन ७-६, ६-२’ एवढाच मजकूर असतो. ‘वि. वि.’ म्हणजे ‘विजयी विरुद्ध’, हे अनेकांस ठाऊक असते. परंतु पुढील आकड्यांचा अर्थ न कळल्यामुळे पुष्कळ वाचक ती ओळ सोडून देतात. वास्तविक त्या चार आकड्यांत एका चुरशीच्या झुंजीची हकीकत साठविलेली असते.

ही ओळ पुण्यातील एका स्पर्धेची आहे. कोल्हापूरहून सुमारे २३० किलोमीटर अंतरावर, पुण्याच्या बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची जी स्पर्धा १९९७ पासून २०१७ पर्यंत चेन्नईत होत असे, ती २०१८ साली या संकुलात आली आणि ‘महाराष्ट्र ओपन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२१ साली करोनाच्या साथीमुळे ती भरली नाही. २०२३ साली ती पुण्यात शेवटची झाली. या काळात एकूण पाच वेळा येथे एकेरीचा विजेता ठरला.

अशी स्पर्धा बाद पद्धतीने खेळतात. जो हरला तो बाहेर. त्यास दुसरी संधी नाही. पुण्याच्या एकेरीच्या मुख्य फेरीत अठ्ठावीस खेळाडू असत. जागतिक क्रमवारीत वरचे स्थान असलेल्या आठ खेळाडूंस मानांकन देत आणि ते आरंभीच एकमेकांशी भिडू नयेत, अशा रीतीने त्यांची नावे तक्त्यात मांडीत. त्यांपैकी पहिल्या चौघांस पहिली फेरी खेळावी लागत नसे. त्यांस ‘पुढे चाल’ मिळे.

आता हिशेब पाहा. पहिल्या फेरीत चोवीस खेळाडूंचे बारा सामने. त्यांतील बारा विजेते आणि पुढे चाल मिळालेले चौघे मिळून सोळा. सोळांचे आठ, आठांचे चार, चारांचे दोन आणि दोहोंचा एक. म्हणजे बारा, आठ, चार, दोन आणि एक असे एकंदर सत्तावीस सामने झाले. हीच संख्या याहूनही सोप्या मार्गाने काढता येते. प्रत्येक सामन्यात एकच खेळाडू बाद होतो. अठ्ठाविसांतून एक उरावयाचा, तर सत्तावीस जण बाद झाले पाहिजेत. म्हणून सामनेही सत्तावीस!

आता आकड्यांकडे वळू. टेनिसमधील गुण पंधरा, तीस, चाळीस असे मोजतात. चाळिसानंतरचा गुण मिळविणारा तो गेम जिंकतो. दोघेही चाळिसावर आले, तर त्यापुढे लागोपाठ दोन गुण मिळवावे लागतात. सहा गेम जिंकले आणि प्रतिस्पर्ध्याहून किमान दोन गेम अधिक असले, की एक सेट जिंकला. पुण्याच्या स्पर्धेत तीनपैकी दोन सेट जिंकणारा विजयी होत असे. छापील निकालात प्रत्येक सेटमधील गेमांची संख्या दिलेली असते.

मग ७-६ हा आकडा कसा येतो? दोघांचेही सहा-सहा गेम झाले, म्हणजे टायब्रेक खेळतात. त्यात गुण सरळ एक, दोन, तीन असे मोजतात. जो प्रथम सात गुण मिळवील आणि दोन गुणांनी पुढे असेल, त्याचा सेट. खासबागेत दोन मल्ल तुल्यबळ ठरले, तर कुस्ती बरोबरीत सोडविता येते. बाद पद्धतीच्या टेनिसला ही मुभा नाही. पुढील फेरीत एकच नाव लिहावयाचे असते.

टायब्रेक नसेल तर काय होते, हे इंग्लंडमधील विम्बल्डनच्या स्पर्धेत दिसून आले. तेथे शेवटच्या सेटला टायब्रेक लावीत नसत. २०१० साली जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवस चालला. एकूण खेळ अकरा तास पाच मिनिटांचा झाला आणि इस्नरने शेवटचा सेट ७०-६८ असा जिंकला. २०१८ साली उपान्त्य फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनने याच इस्नरला शेवटच्या सेटमध्ये २६-२४ असे हरविले. परंतु त्या साडेसहा तासांच्या झुंजीनंतर दोनच दिवसांनी त्यास अंतिम सामना खेळावा लागला आणि त्यात तो हरला. पुढील वर्षी विम्बल्डनने आपला नियम बदलला.

हाच अँडरसन पुण्यातही आला होता. २०१८ साली त्यास दुसरे मानांकन होते. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर फ्रान्सचा जिल सिमॉन उभा होता. सिमॉनला मानांकन नव्हते. तरीही उपान्त्य फेरीत त्याने अग्रमानांकित मारिन चिलिचला नमविले होते. पहिला सेट टायब्रेकमध्ये जिंकून त्याने दुसराही घेतला. आरंभी दिलेली ओळ ती हीच.

पराभूत अँडरसन पुढील वर्षी पुन्हा पुण्यात आला. उपान्त्य फेरीत त्याची गाठ सिमॉनशीच पडली आणि या वेळी अँडरसन जिंकला. अंतिम फेरीत क्रोएशियाचा इव्हो कार्लोव्हिच होता. अँडरसनची उंची २०३ सेंटिमीटर, तर कार्लोव्हिचची २११! कार्लोव्हिच चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले. निकाल लागला ७-६, ६-७, ७-६. शेवटच्या टायब्रेकमध्ये अँडरसनचे सात आणि कार्लोव्हिचचे पाच गुण झाले. सबंध आठवड्याच्या श्रमांचे फळ अशा दोन गुणांच्या अंतराने एकाच्या पदरात पडले.

पुढे २०२० मध्ये चेक प्रजासत्ताकाचा यिरी व्हेसेली, २०२२ मध्ये पोर्तुगालचा जुआंव सूझा आणि २०२३ मध्ये नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पूर यांनी विजेतेपद मिळविले. ग्रीकस्पूरने अंतिम सामन्यातील पहिला सेट ४-६ असा गमावला होता. पुढील दोन सेट त्याने ७-५, ६-३ असे जिंकले. या पाच विजेत्यांत मानांकन केवळ अँडरसनला होते. मानांकन हा मागील कामगिरीवरून बांधलेला अंदाज असतो. मैदानावर तो खरा ठरेलच असे नाही.

एकेरीत भारतीय खेळाडूस येथे विजेतेपद लाभले नाही. दुहेरीत मात्र रोहन बोपण्णाने २०१९ साली दिविज शरणसह आणि २०२२ साली रामकुमार रामनाथनसह अजिंक्यपद पटकावले.

कोल्हापूरच्या मातीत टेनिसनेही मूळ धरले आहे. विम्बल्डनने २०२२ साली चौदा वर्षांखालील मुलामुलींची स्पर्धा प्रथमच भरविली. त्या स्पर्धेत खेळण्याचा मान कोल्हापूरच्या ऐश्वर्या जाधवला मिळाला.

निकालाच्या तक्त्यावर शेवटी एकच नाव ठळक अक्षरांत राहते. पण जाणता वाचक तेवढ्यावर थांबत नाही. विजेत्याच्या शेजारी लिहिलेले ६-७ आणि ४-६ हे आकडेही तो वाचतो. कारण विजेतासुद्धा वाटेत कोठे मागे पडला होता आणि तेथून कसा सावरला, हे त्यांतूनच कळते.