इंजिन धावते, गाडी मागे राहते

संध्याकाळी कल्याण-शीळ रस्त्यावर वाहनांची रांग लागली, की खिडकीतून कधी कधी एक उग्र, जळका वास आत येतो. "कोणाचा तरी क्लच जळतोय," असे म्हणून मोठी माणसे काच वर करतात. विद्यार्थी मित्रांनो, क्लच खरोखरच जळतो काय? आणि तो झिजला आहे हे गाडी न उघडता ओळखता येईल काय?

विजेच्या पंख्याचे बटण दाबले, की तो शून्यापासून फिरू लागतो. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाचे तसे नाही. त्याच्या फेऱ्या मिनिटाला सातआठशेच्या बऱ्याच खाली गेल्या, की ते बंद पडते. गाडी मात्र सिग्नलपाशी उभी असते. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके एकमेकांना जोडायची कशी, हा प्रश्न क्लच सोडवतो.

आपले दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवा. एक हात सैल सोडा आणि दुसरा त्यावर फिरवा. हलके दाबले तर तळवे घसरतात आणि गरम होतात. जोराने दाबले तर सैल हातही बरोबर ओढला जातो. क्लचमध्ये हेच घडते. इंजिनाला जोडलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्याबरोबर फिरणारी प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. या क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर रिव्हेटांनी बसवलेले असते आणि तिचा दांडा गिअरपेटीत जातो. पायाने पॅडल दाबले की स्प्रिंगचा दाब सुटतो व इंजिन आणि चाके वेगळी होतात. म्हणजे पाय दाबल्याने क्लच 'लागत' नाही, तो सुटतो. पुष्कळांची समजूत नेमकी याच्या उलट असते.

आता थोडा हिशेब करू. समजा, स्प्रिंगचा दाब ३००० न्यूटन आहे, अस्तराचा घर्षणांक ०.३ आणि अस्तराची सरासरी त्रिज्या साडेसात सेंटिमीटर, म्हणजे ०.०७५ मीटर. घर्षण दोन्ही अंगांना होते, म्हणून २ × ०.३ × ३००० × ०.०७५ = १३५ न्यूटन-मीटर इतका फिरवणारा जोर हा क्लच न घसरता पोचवू शकेल. लहान मोटारीच्या इंजिनाचा जास्तीत जास्त जोर ९० न्यूटन-मीटर धरला, तर दीडपट शिल्लक ठेवलेली आहे. आता अस्तरावर गळके तेल पसरले आणि घर्षणांक ०.१ वर आला असे समजा. उत्तर येते ४५. इंजिन पूर्ण जोर लावील तेव्हा क्लच घसरणारच. सपाट रस्त्यावर, सावकाश जाताना मात्र इंजिनाला एवढा जोर लागत नाही, म्हणून दुखणे लपून राहते. ते उघडे पडते चढावर, वरच्या गिअरमध्ये, गाडीत माणसे भरलेली असताना.

आमच्या शेजारच्या काकांच्या बाबतीत असेच झाले. गाडीला 'पिकअप' नाही म्हणून त्यांनी एका ठिकाणी प्लग बदलून घेतले, एअर फिल्टरही बदलला. पैसे गेले आणि तक्रार राहिली. पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन माळशेज घाटात जायचे ठरले होते. त्याआधी एकदा ठाण्याहून मुंब्रा बायपासने डोंबिवलीला परतताना चढावर पुढच्या सीटवर बसलेली त्यांची नववीतली मुलगी म्हणाली, "बाबा, तो काटा वर गेला, पण हा नाही गेला!"

तिने जे पाहिले ते मोलाचे होते. एक काटा इंजिनाच्या फेऱ्या दाखवतो, दुसरा गाडीचा वेग. गिअर न बदलता क्लच घट्ट धरून असेल, तर हे दोन्ही आकडे एकाच प्रमाणात वाढले पाहिजेत. त्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरला मिनिटाला २००० फेऱ्या पडत असतील, तर ३००० फेऱ्यांना ७५ किलोमीटर वेग हवा. इथे फेऱ्या ३००० झाल्या, पण वेग पन्नासच राहिला. दर तीन फेऱ्यांतली एक फेरी क्लचमध्ये घसरण्यात जात होती, आणि त्या घटकेला इंजिनाची एक तृतीयांश शक्ती तिथेच उष्णता होत होती. इंजिन अशक्त असते तर दोन्ही काटे रेंगाळले असते. दुखणे इंजिनाचे की क्लचचे, हे या एका निरीक्षणावरून सुटते. फेऱ्यांचा काटा नसलेल्या गाडीत हेच काम कानांनी करावे लागते: इंजिनाचा आवाज चढतो, पण रस्त्याकडेचे खांब पूर्वीच्याच चालीने मागे जातात.

गाडी चालवण्याच्या परवान्याला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पाहायला, ऐकायला आणि वास घ्यायला तशी अट नाही!

त्या वासाचाही हिशेब होतो. माणसांसह १००० किलोग्रॅमची गाडी थांबलेल्या स्थितीतून ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाला आणली, तर तिची गतिज ऊर्जा १२,५०० ज्यूल होते. या वेळात इंजिनाच्या फेऱ्या कायम राहिल्या असे धरले, तर साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णतारूपाने खर्च होते. तिने १०० ग्रॅम पाणी सुमारे ३० अंशांनी तापेल. एका वेळी हे काही फार नाही. पण घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला गाडी इंचाइंचाने पुढे सरकवताना हे पुनःपुन्हा घडते. त्याहून वाईट सवय म्हणजे ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी चढावर तोलून धरणे. पंधरास एक अशा चढावर ही गाडी तशी धरली, तर क्लचमध्ये सुमारे दीड हजार वॉट उष्णता निर्माण होते. बादलीतले पाणी तापवायचा विजेचा रॉड साधारण एवढ्याच शक्तीचा असतो, पण तो पाण्यात बुडवलेला असतो. क्लच बंद पेटीत असतो.

दुसरी खूण पायाला कळते. केबलने चालणाऱ्या क्लचच्या पॅडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल ठेवलेली असते. अस्तर झिजले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिच्या स्प्रिंगची आतली टोके उलट बाजूला येतात आणि ही मोकळी चाल कमी होत जाते. गाडी पूर्वी पॅडल थोडे सोडताच हलत असे, ती आता पाय जवळजवळ पूर्ण वर आल्यावर हलते. मोकळी चाल अगदी संपली, तर पॅडलवर पाय नसतानाही केबल ओढलेली राहते, स्प्रिंगचा दाब घटतो आणि चांगली प्लेटही घसरू लागते. म्हणून चांगला मिस्त्री गिअरपेटी उतरवण्याआधी केबल पाहतो. पुष्कळदा दोन नट फिरवून काम भागते आणि हजारो रुपये वाचतात. हायड्रॉलिक क्लचमध्ये ही चाल बहुधा आपोआप जुळत असल्याने तिथे पायावर तितकासा भरवसा ठेवता येत नाही.

गिअर टाकताना खरखर होणे किंवा पॅडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकणे, हा आजार वेगळा. तिथे क्लच घसरत नसतो, तो सुटत नसतो. पॅडल दाबल्यावर घुंई असा आवाज येत असेल, तर संशय बेअरिंगचा.

काकांच्या मिस्त्रीने प्रथम केबल तपासली; ती ठीक होती. मग सपाट जागेवर, पुढे कोणी उभे नाही असे पाहून त्याने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. असे केल्यावर इंजिन गचका देऊन बंद पडले पाहिजे. ते गुरगुरत चालूच राहिले. त्याने लगेच किल्ली फिरवली, कारण ही परीक्षा लांबवली तर उरलेले अस्तरही जळून जाईल. (ही परीक्षा जाणत्या माणसानेच घ्यावी.)

गिअरपेटी उतरल्यावर त्याने आतली काळी भुकटी हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. अस्तर कशाचे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मग त्याने ती प्लेट मुलीच्या हाती दिली. नव्या प्लेटमध्ये रिव्हेटांची डोकी अस्तराच्या पृष्ठभागाखाली खोल असतात. इथे ती अस्तराच्या पातळीला आली होती आणि चकचकीत घासली गेली होती. फ्लायव्हीलवर त्यांचे गोल ओरखडे उमटले होते, बोट फिरवले तर लागतील इतके.

माळशेजची सहल दोन आठवडे पुढे गेली.