वाङ्मयाच्या तासाला पॉडकास्ट

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून श्रोत्याने आपल्या सवडीने ऐकावयाची ध्वनिमुद्रित मालिका. हा शब्द २००४ मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातील एका लेखातून पुढे आला. मराठी श्रोत्यांना मालिकेची गोडी मात्र जुनीच आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसृत होत असे. आता अशी मालिका शाळेतील मुलेही तयार करू शकतात. अमेरिकेतील नॅशनल पब्लिक रेडिओने २०१९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पॉडकास्टची पहिली स्पर्धा घेतली. साधन म्हणून एक मोबाइल पुरेसा होतो.

या उपक्रमाला साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’सारखे दुसरे सोयीचे पुस्तक क्वचितच सापडेल. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. पुस्तकाची घडणच मुळी सांगण्याची आणि ऐकण्याची आहे. पोहण्याचा प्रसंग घ्यावा. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते आणि नंतर तीच हळवी होते. हा प्रसंग वाचताना आईचा आवाज कसा असावा? केवळ संतापाचा काढला, तर पुढची माया उपरी वाटते. आधीच मऊ काढला, तर माराला अर्थ राहत नाही. मुद्रण ऐकताना मुलांमध्येच यावर वाद होतो आणि मग ती आपण होऊन पुन्हा पुस्तक उघडतात. मार्गदर्शकातील प्रश्नोत्तरे पाठ करून हे साधत नाही.

गोव्यातील मराठी शाळांत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते. ग्रांथिक मराठीत उत्तर देताना ती अडखळतात आणि शिक्षकाला वाटते की मुलाला पाठच समजला नाही. म्हणून उतारा मराठीत वाचावा; चर्चा मात्र मुलाला येईल त्या बोलीत होऊ द्यावी. गावातील विहिरीत पूर्वी मुले पोहायला कशी शिकत, हे आजी-आजोबांना विचारून त्यांचे चार शब्द मुद्रित केले, तर पाठ घरापर्यंत पोचतो.

चौघांचा गट आणि पाच-सात मिनिटांचा भाग पुरे. सगळे लिहून काढू नये, मुद्दे तेवढे टिपावेत. नाहीतर वक्तृत्व स्पर्धेचा तो ओळखीचा चढा सूर लागतोच. मुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात हे काम करू नये. ज्याला बोलण्याचा संकोच आहे, त्याच्याकडे प्रश्न काढण्याचे किंवा कापणी-जोडणीचे काम द्यावे. केवळ खणखणीत आवाजाला गुण देऊ नयेत.

एक कायदेशीर बाब शिक्षकांनी ध्यानी ठेवावी. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे २०११ पासून त्यांचे साहित्य मुक्त आहे. हयात लेखकाची कथा वर्गात शिकविताना वाचता येते. परंतु तिचे संपूर्ण वाचन इंटरनेटवर टाकण्यास अनुमती लागते. मुलांचे आवाज बाहेर द्यावयाचे झाल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलांची पूर्ण नावे देऊ नयेत. बाहेर दिलेच पाहिजेत असेही नाही. शेजारच्या वर्गात किंवा पालकसभेत ते ऐकविले तरी श्रोते मिळतात, आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही.