वस्तीवरची बॅटरी

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठाने जांबूत-पिंपरखेडकडे गेलं, किंवा दौंडला भीमेच्या अंगाला उतरलं, की गावठाण मागे राहतं आणि मळे सुरू होतात. चार घरं, एक गोठा, एक विहीर आणि चहूकडून ऊस. गावठाणाचे फीडर वेगळे झाले तेव्हा गावातल्या घरांना दिवसरात्र सिंगल फेज मिळू लागली. मळ्यातली बरीच घरं मात्र शेतीच्याच फीडरवर राहिली. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी संपली की पंप थांबतो आणि घरातला बल्बही जातो. त्यात पावसाळ्यात डीपी जळाला तर तो बदलून येईपर्यंत वस्ती अंधारातच.

या अंधाराची भीती इथे खरी आहे. बिबट्याने उसात घर केलंय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात त्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. उजेड दिसला म्हणून बिबट्या फिरकणारच नाही, असं कोणी सांगू नये. पण गोठ्याच्या दाराशी काय उभं आहे, हे घरातून पाऊल टाकण्याआधी दिसणं ही मोठी गोष्ट आहे. म्हणून वस्त्यांवर एक-दोन सोलर प्लेटा, एक बॅटरी आणि एक इन्व्हर्टर असा संच दिसू लागला. गाळपाच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरही पुस्तकाएवढी प्लेट आणि तिच्यावर चालणारा एखादा बल्ब असतो.

प्लेट पंचवीस वर्षं टिकते. बॅटरी मात्र कित्येक घरांत दोन-तीन वर्षांत मरते आणि मग ‘सोलर काही कामाचं नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल मला मान्य नाही. बॅटरीच्या मरणाची कारणं जवळजवळ नेहमीच साधी आणि टाळता येण्याजोगी असतात. पण ती ओळखणारा माणूस वस्तीच्या आसपास असावा लागतो.

असा माणूस तयार करण्याचं काम याच तालुक्यात १९८३ पासून चालू आहे. मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असलेल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी त्या वर्षी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अन्नतंत्रज्ञ होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या पदावर असलेले. ते सोडून ते या कोरडवाहू गावात येऊन राहिले. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं केंद्र म्हणून आश्रम उभा राहिला. शाळेत न रमलेल्या मुलांना इथे वर्षभर चार विभागांतून फिरवतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. पद्धत अशी, की गावाला लागणारं खरं काम करायचं, त्याचा मोबदला घ्यायचा आणि ते करताना विज्ञान शिकायचं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने इथे फॅब लॅब झाली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचं काम चालू आहे.

सोलरच्या संचाला कलबागांची ही दृष्टी नेमकी लागू पडते. दुकानदार वस्तू विकतो, पण संच उभा राहतो तो हिशेबावर, आणि हा हिशेब सातवी-आठवीच्या पलीकडचा नाही.

एका घराचा करून पाहू. नऊ वॅटचे चार एलईडी बल्ब पाच तास: १८० वॅट-तास. चाळीस वॅटचा टीव्ही तीन तास: १२०. तीन मोबाईल: साधारण ४५. आता पंखा. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॅटचा, रात्रीचे आठ तास चालला तर एकटाच ६०० खातो. म्हणजे बाकी सगळ्या घरापेक्षा जास्त. त्याच्या जागी अठ्ठावीस वॅटचा बीएलडीसी पंखा लावला तर २२४. एकूण बेरीज साडेनऊशेवरून पावणेसहाशेपर्यंत खाली येते. पंखा बदलायला जो खर्च येतो, त्याहून कितीतरी जास्त पैसे वाढीव प्लेटा आणि मोठ्या बॅटरीत जातात. तरीही ‘घरात पंखा कुठला आहे?’ हा प्रश्न विक्रीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. माझ्या मते तो पहिला प्रश्न असायला हवा.

पावणेसहाशे वापरायचे तर वायर, इन्व्हर्टर आणि बॅटरीतली गळती धरून रोज आठशेच्या आसपास प्लेटेतून यायला हवेत. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन धरतात, म्हणजे कागदावर १६० वॅटची प्लेट पुरते. कागदावरच. शिरूर-दौंड पर्जन्यछायेत असले, पाऊस थोडका पडला, तरी जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. म्हणून अडीचशे-तीनशे वॅट बसवावेत. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, आणि त्यांतले निम्मेच वापरायचे. त्यात दीड दिवस निघतो.

प्लेट मोठी घेतली, की इथली सगळ्यात महागडी चूक होते. बाजारात मिळणारी ३३५ वॅटची प्लेट सदतीस-अडतीस व्होल्टवर चालते. ती साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवरून बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर कंट्रोलर तिला ओढून बॅटरीच्याच व्होल्टेजवर आणतो. करंट नऊ अँपिअर, व्होल्टेज तेरा, हातात पडतात सव्वाशेच्या आतले वॅट. दोन तृतीयांश प्लेट छपरावर नुसती शोभेला. घरच्यांना वाटतं ऊन कमी पडतंय, दुकानदार आणखी एक प्लेट सुचवतो. खरा इलाज एमपीपीटी कंट्रोलर. तो व्होल्टेज उतरवताना करंट वाढवतो. किंवा मग बारा व्होल्टसाठीच बनवलेली, अठरा व्होल्टवर चालणारी प्लेट घ्यावी.

बारा व्होल्टमध्ये वायरही फार नडते. गोठा घरापासून तीस मीटरवर आहे, तिथे चोवीस वॅटचा दिवा आहे, आणि एक चौरस मिलिमीटरची साधी वायर ओढली आहे, तर जाण्या-येण्याच्या साठ मीटरमध्ये दोन व्होल्ट वाटेतच जिरतात. दिवा मिणमिणतो आणि दोष बॅटरीला मिळतो. बिबट्यासाठी ज्या दिव्याचा उजेड सगळ्यात जास्त हवा, तोच असा अर्धवट जळतो. जाड वायर घ्यावी किंवा गोठ्याला इन्व्हर्टरची २३० व्होल्टची लाईन न्यावी. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशी, वीतभर अंतरातच, फ्यूज हवाच. बॅटरीजवळ वायर शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर वाहतात. घरातला नेहमीचा एसी एमसीबी इथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. तिथे डीसीसाठीचाच लागतो.

प्लेटेचं तोंड दक्षिणेला, उतार अठरा-वीस अंश. दुपारच्या सावलीचा अंदाज घ्यायचा तर बाराला घेऊ नये, इथे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला. एक गोष्ट कंपनीच्या पुस्तकात सापडायची नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला जातो तेव्हा शेत मोकळं असतं. त्या वेळी दक्षिणेच्या बांधाशी कमरेएवढ्या स्टँडवर बसवलेली प्लेट पुढच्या वर्षी उसाच्या सावलीत जाते, आणि प्लेटेच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी तेवढ्याने मोठा घाटा होतो. म्हणून प्लेट छपरावरच बरी. दौंड तालुक्यात केडगाव-खुटबाव भागात गुऱ्हाळं दाट आहेत. त्यांची आणि कारखान्यांच्या धुराड्यांची काजळी प्लेटेवर बसते ती नुसत्या पावसाने निघत नाही. सकाळी प्लेट थंड असताना ओल्या फडक्याने पुसावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

आता बॅटरी. गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये केलेली शिसं आणि आम्लाची जोडी आजही वस्तीवर काम करते आहे. तिची मुख्य अट एवढीच, की रिकामी करून तशीच ठेवू नका. अर्धी उतरलेली बॅटरी दिवसेंदिवस पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. इन्व्हर्टर किंचाळेपर्यंत टीव्ही पाहायचा, मग दोन दिवस ढग, मग पुन्हा तेच, असा एक पावसाळा पुरतो. बरेच इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला बंद होतात. तिथवर पोचलेली बॅटरी केव्हाच हद्दीबाहेर गेलेली असते. मल्टिमीटर घेऊन पहाटे, प्लेटेवर ऊन पडण्याआधी, सगळं बंद असताना मोजावं. १२.७ असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. त्याच्या खाली दिसलं तर त्या दिवशी टीव्ही बंद. आणि थ्री फेजची पाळी असेल तेव्हा इन्व्हर्टरच्या चार्जरवरून ती पूर्ण भरून घ्यावी. सोलर लावलं म्हणून महावितरणच्या लाईटशी वैर धरण्याचं कारण नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. या दोन्ही तालुक्यांत बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षारांचं. त्याचा पांढरा थर भांड्यांवर दिसतो, बॅटरीच्या आत दिसत नाही एवढंच. फिल्टरचं पाणीही नको. आम्ल तर वरून कधीच घालायचं नाही, उडून जातं ते पाणी. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर पातळी पाहावी, खुणेच्या वर भरू नये. हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासावेत. चांगल्या भरलेल्या बॅटरीत दुकानदारांच्या भाषेत बाराशे चाळीस ते बाराशे पन्नास दिसतं. एक कप्पा बाकीच्यांपेक्षा तीस अंकांनी मागे असेल तर तिथून दुखणं सुरू झालं आहे. टोकांवरचा हिरवा-पांढरा मळ खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा आणि वर व्हॅसलीन लावावं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद कोनाड्यात, देवघराच्या समईजवळ किंवा चुलीशेजारी ती ठेवू नये. पत्र्याखालीही नको. मेमध्ये दौंडचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि दर दहा अंशांच्या वाढीला बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं असं धरतात.

एवढी उस्तवार ज्यांना जमणार नाही त्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाधी आणि सहकाऱ्यांनी दाखवलेलं हे रसायन आज परवडण्याजोगं झालं आहे. तिला पाणी लागत नाही, ती ऐंशी टक्के वापरता येते आणि हजारो वेळा भरते. फक्त जुन्या कंट्रोलरची सेटिंग बदलल्याशिवाय ती जोडू नये.

पंपाचं गणित वेगळं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के हिस्सा भरून तीन ते साडेसात अश्वशक्तीचे पंप मिळतात. त्यांना बॅटरी नसते आणि नसावीच. दिवसा उपसलेलं पाणी शेततळ्यात किंवा टाकीत साठतं, रात्री दारं धरायला उसात उतरावं लागत नाही. या भागात त्या पंपाचा सगळ्यात मोठा फायदा मी हाच मानतो.

घरच्या संचाला उणीव आहे ती फेरी मारणाऱ्या हाताची. पाबळला शिकलेला किंवा शिरूर-दौंडच्या आयटीआयमधून निघालेला एखादा मुलगा, किंवा मुलगी, पंधरा-वीस वस्त्या सहज धरू शकेल. भांडवल म्हणाल तर मल्टिमीटर, हायड्रोमीटर, दोन पान्हे, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि एक वही. महिन्यातून एक फेरी, घरटी ठरलेले पैसे, वहीत प्रत्येक बॅटरीचे सहा आकडे. उन्हाळ्यात फेऱ्या दोन, कारण पाणी लवकर उतरतं. बॅटरी संपली की ती भंगारात न देता दुकानात परत करायची. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि जुनीचे पैसे नवीच्या किमतीतून वजा होतात. विहिरीच्या काठावर कोणी बॅटरी फोडून शिसं काढत असेल, तर त्याला थांबवणं हेही त्याच फेरीचं काम.