‘आहे’ या शब्दाचे शास्त्र : सत्ताविचार आणि कारंज्याच्या पोथ्या

‘सत्ता’ हा शब्द आज मराठीत राजकारणाच्या वाट्याला गेला आहे. तत्त्वज्ञानात त्याचा जुना अर्थ अजून शाबूत आहे. ‘अस्’ म्हणजे असणे. या धातूपासून ‘सत्’ हा शब्द झाला, आणि सत् असण्याचा भाव ती सत्ता. जे काही आहे त्याचा, ते ‘आहे’ एवढ्याच अंगाने विचार करणारे शास्त्र म्हणजे सत्ताशास्त्र. काही लेखक त्याला सत्तामीमांसा किंवा अस्तित्वमीमांसा म्हणतात. इंग्रजीत यालाच ऑन्टॉलॉजी हे नाव आहे.

वनस्पतिशास्त्र झाडांचा विचार करते, खगोलशास्त्र ताऱ्यांचा. सत्ताशास्त्राचा प्रश्न त्यांच्याही आधीचा आहे : मुळात किती प्रकारच्या गोष्टी आहेत? स्वतःच्या बळावर कोण आहे आणि कोण दुसऱ्याच्या आधाराने? पानाचा हिरवेपणा पानावाचून राहत नाही. मग पान ज्या अर्थाने आहे त्याच अर्थाने हिरवेपणाही आहे का? 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. जमीन तीच होती, पैनगंगा तीच, माणसेही तीच. तरीही आदल्या दिवशी नसलेले काहीतरी त्या दिवशी ‘झाले’. ते नेमके काय, हा सत्ताशास्त्राचा प्रश्न आहे.

प्रश्नाचे मूळ रोजच्या भाषेतच आहे. ‘विहीर आहे’ या वाक्यात ‘आहे’ विहिरीचे अस्तित्व सांगते. ‘विहीर खोल आहे’ यात ते विहिरीला गुण जोडते. ‘ही तीच विहीर आहे’ यात ओळख पटवते. एकाच क्रियापदाची ही तीन कामे वेगळी न केल्यास वाद शब्दांतच अडकतो.

शब्दाचा इतिहास

विषय जुना, नाव मात्र अलीकडचे. ॲरिस्टॉटलने ‘सत्’चा सत् म्हणून विचार करणारे शास्त्र कल्पिले होते, पण त्याला हे नाव दिले नव्हते. ‘ऑन्टोलोजिया’ हा लॅटिन शब्द जेकब लोरहार्डच्या 1606 मधील ग्रंथात आणि रुडॉल्फ गोक्लेनियसच्या 1613 मधील तत्त्वज्ञानकोशात आढळतो. ख्रिश्चन वोल्फच्या 1730 मधील ग्रंथाने तो विद्यापीठांत रुजवला.

कारंज्याचे ग्रंथभांडार

भारतात हाच विचार द्रव्य, पदार्थ, तत्त्व या शब्दांनी झाला. त्याची एक मोठी ठेव वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे आहे. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांची मंदिरे या गावात आहेत. येथील भट्टारकांच्या, म्हणजे दिगंबर मठाधिपतींच्या, पीठांमुळे हस्तलिखितांची भांडारे उभी राहिली. सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडी वेष्टन, असे पोथीचे रूप असते. शेवटच्या पानावरच्या पुष्पिकेत बहुधा लेखनाची तिथी, गाव आणि पोथी कोणासाठी लिहिली ते नोंदलेले असते. पोथी लिहवून देणे हे शास्त्रदान मानले जाई.

विसाव्या शतकात ही भांडारे अभ्यासकांसमोर आली. रायबहादूर हीरालाल यांनी केलेली मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत व प्राकृत हस्तलिखितांची सूची 1926 मध्ये निघाली. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेत परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केलेले ‘जसहरचरिउ’ 1931 मध्ये आणि प्रा. हीरालाल जैन यांनी संपादित केलेला ‘पाहुडदोहा’ 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. रामसिंह मुनींच्या या अपभ्रंश दोह्यांचा गाभा देहाहून आत्मा वेगळा, हा सत्ताविचारच आहे.

सहा द्रव्ये आणि सत्‌चे लक्षण

व्यवहारात द्रव्य म्हणजे पैसा. जैन दर्शनात द्रव्य म्हणजे गुण आणि पर्याय (बदलती रूपे) यांचा आधार. अशी द्रव्ये सहा : जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काळ. पुद्गल म्हणजे जडद्रव्य. धर्म-अधर्म हे येथे पुण्य-पापाचे वाचक नाहीत. माशाला पोहताना पाणी जसे साहाय्य करते तसे गतीला साहाय्य करणारे ते धर्मद्रव्य, आणि वाटसरूला थांबण्यास सावली जशी उपयोगी पडते तसे स्थितीला साहाय्य करणारे ते अधर्मद्रव्य.

‘तत्त्वार्थसूत्र’ या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात सत्‌चे लक्षण आले आहे. त्यानुसार जे उत्पन्न होते, नाश पावते आणि तरीही टिकून राहते ते सत्. या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत एकाच वेळी असतात. वऱ्हाडातल्या कापसावरून हे समजते. बोंडातला कापूस वेचला, सरकी काढली, रुईचे सूत झाले, सुताचे कापड झाले. प्रत्येक पायरीवर एक रूप गेले, दुसरे आले, तंतू मात्र राहिला. टिकणाऱ्या अंगाकडे पाहणारी दृष्टी द्रव्यार्थिक नय, बदलणाऱ्या अंगाकडे पाहणारी पर्यायार्थिक नय. या दृष्टीने पाहिल्यास जिल्हानिर्मितीच्या दिवशी नवे द्रव्य जन्मले नाही, व्यवस्थेचे रूप पालटले. आणि तो पालटही खराच होता.

इतर उत्तरे

बौद्ध क्षणिकवादाने बदल खरा मानला, टिकणारा आधार नाकारला. अद्वैत वेदान्ताने उलट बाजू घेऊन सत्तेच्या पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन पातळ्या मानल्या. वैशेषिकांनी पदार्थांची यादी केली आणि पुढे तीत ‘अभाव’ही घातला. कणगीत ज्वारी नाही, हे ‘नसणे’ही त्यांच्या मते ज्ञानाचा विषय होते. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ही चार स्वतंत्र तत्त्वे मराठीतूनच सांगितली. सत्ताविचार मराठीला परका नाही, याचा हा पुरावा.

आजचा उपयोग

1948 मध्ये क्वाइन या अमेरिकी तत्त्वज्ञाने प्रश्नाला नवे वळण दिले : एखादा सिद्धान्त खरा ठरण्यासाठी कोणत्या गोष्टी आहेत असे मानावे लागते, ते पाहावे. संगणकशास्त्रात 1990 नंतर ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या क्षेत्रातील संकल्पना व त्यांचे संबंध यंत्राला कळतील असे नोंदवणारा आराखडा, असा अर्थ रूढ झाला. जनुकांच्या कार्याचे वर्गीकरण करणारी ‘जीन ऑन्टॉलॉजी’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. असा आराखडा कामापुरते प्रकार ठरवतो. ते प्रकार खरोखर आहेत का, आणि असल्यास कोणाच्या आधाराने, हे विचारणे मात्र सत्ताशास्त्राकडेच राहते.